स्मृती वाढविली आणि यंत्र मुके झाले

तंजावरहून उत्तरेकडे निघाले की वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशी एकामागून एक पाच पात्रे ओलांडावी लागतात आणि मग तिरुवैयारु येते. गावाच्या नावाचा अर्थच ‘पवित्र पाच नद्या’ असा आहे. येथे कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे. १८४७ साली त्यांनी देह ठेवला, आणि आजही दर वर्षी पौष वद्य पंचमीस शेकडो गायक-वादक समाधीपुढे बसून त्यांच्या पाच ‘पंचरत्न’ कृती एकमुखाने गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री असे पाच राग, पण ताल सर्वांचा एकच, आदिताल. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती कागद नसतो. जे गायचे ते स्मरणात असते.

तंजावरशी आपला मराठी माणसांचा संबंध जुना आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. सरफोजीराजांनी आपल्या घराण्याचा इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. राजदरबाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. या प्रांतात आजही मराठी बोलणारी घरे आहेत, आणि त्यांच्या माजघरात वीणा, तंबोरा, देवघर यांच्या शेजारी आता संगणकही आला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो संगणकच होय. त्यातही त्याचा एक विशिष्ट रुसवा. संगणक मंद झाला म्हणून घरच्या कोणी उत्साहाने त्याची स्मृती वाढवावी, म्हणजे रॅमची नवी पट्टी बसवावी, आणि कळ दाबताच पंखा फिरावा, दिवा लागावा, पण पडदा काळाच राहावा, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना आला असेल. ज्यांना आला नसेल त्यांनीही हा लेख ठेवून द्यावा.

गेल्या आराधनेच्या वेळी तिरुवैयारूतील अशाच एका मराठी घरी जाण्याचा योग आला. घरातील आजी संगीत शिकवितात. वीस वर्षांतील शिकवण्यांची ध्वनिमुद्रणे आणि घरातल्या मोडी कागदांची छायाचित्रे असे सारे त्या एका संगणकात साठविलेले. कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने तंजावरहून आठ गिगाबाइटची पट्टी आणून जुन्या चार गिगाबाइटच्या पट्टीशेजारी बसविली होती. तेव्हापासून यंत्र मुके. दुरुस्तीच्या एका दुकानात दाखविले तर ‘मदरबोर्ड गेला, नवा घ्या, आतल्या मजकुराची हमी नाही’ असे उत्तर मिळाले होते. मुलगा अपराध्यासारखा कोपऱ्यात बसलेला. आजी त्याला एक शब्द बोलत नव्हत्या, आणि तेच त्याला अधिक लागत होते.

अशा वेळी पहिली समजून घेण्याची गोष्ट ही की, रॅम म्हणजे दप्तर नव्हे. ती पाटी होय. कारकुनाचे सारे कागद रुमालांत बांधून फडताळात असतात, आणि आजच्या कामापुरते आकडे तो पाटीवर मांडतो. काम संपले की पाटी पुसली जाते. संगणकाचे फडताळ म्हणजे त्याची हार्ड डिस्क किंवा एसएसडी. ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, पत्रे सर्व तेथे. पाटी बदलली, मोडली, उलटी बसविली, तरी फडताळातील रुमालांना धक्का लागत नाही. तेव्हा रॅम बदलल्यावर संगणक सुरू होईना म्हणून ‘सगळे गेले’ असे मानण्याचे कारण नाही. मदरबोर्ड खरोखरीच निकामी झाला असला तरीही डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते व मजकूर वाचता येतो. मात्र डिस्कवर बिटलॉकरसारखे कुलूप असल्यास त्याचा अठ्ठेचाळीस अंकी पुनःप्राप्ती-क्रमांक हाताशी हवा. तो आपल्या खात्यातून आधीच उतरवून कागदावर लिहून ठेवणे हे रॅम विकत घेण्याहूनही आधीचे काम आहे. हे एवढे त्या घरी सांगितले तेव्हा आजींचा चेहरा निवळला, आणि पुढची दुरुस्ती कोणाच्याही हाताला कंप न सुटता झाली.

पाटीचा दृष्टान्त वाटतो त्याहून अधिक खरा आहे. आजच्या रॅममधील प्रत्येक अंश एका अतिसूक्ष्म विद्युत्‌संचयात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठविलेला असतो. ही कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट १९६८ साली मिळाले. हा संचय गळक्या घागरीसारखा असतो. म्हणून डीडीआर-४ जातीच्या पट्टीत प्रत्येक अंश साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भरावा लागतो. आठ गिगाबाइटच्या पट्टीत असे सुमारे ६,८७२ कोटी अंश असतात. आपण पापणी लवितो तेवढ्यात त्या सर्वांचा निदान एक फेरा पुरा झालेला असतो. वीज गेली की घागरी रित्या.

पूर्वीची स्मृती अशी विसराळू नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कामास लागलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृती फेराइटच्या इवल्या कड्या तारांत ओवून केलेली होती. ती डोळ्यांनी दिसे, आणि वीज गेली तरी कड्यांतील चुंबकत्व टिकत असे. चाळीस अंशांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द तिच्यात मावत. आजच्या हिशेबाने दहा किलोबाइट झाले. त्या मुलाने तंजावरहून खिशात घालून आणलेली पट्टी तिच्या आठ लाखांहून अधिक पट होती! पण आकार वाढला तसा नाजूकपणाही वाढला, हे विसरता कामा नये.

आता पडदा काळा का राहतो ते पाहू. कळ दाबल्यावर संगणक प्रथम विंडोज किंवा लिनक्स सुरू करीत नाही. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस नावाची लहानशी आज्ञावली असते, ती आधी जागी होते. तिला पाय टेकण्यास जागा हवी, आणि ती जागा म्हणजे रॅम. म्हणून ती रॅमच्या प्रत्येक पट्टीला विचारते: तू कोण, तुझी जात कोणती, वेग किती, दाब किती? पट्टीवर एक इवलीशी चिप असते, तीत हे सारे लिहिलेले असते; लग्नाच्या स्थळाची जशी टिपणी, तशी. उत्तर मिळाले की बायोस पट्टीशी काही वेळ तालीम करते, संदेश नेमक्या क्षणी पोचतात की नाही ते तपासते, आणि मगच पडद्यावर चित्र येते. पट्टीने उत्तरच दिले नाही, अथवा चुकीचे दिले, तर सगळा व्यवहार तेथेच थांबतो. चित्र काढायलाही स्मृती लागते, तेव्हा ‘रॅम सापडत नाही’ हे पडद्यावर सांगण्याची सोयदेखील यंत्राला राहात नाही. त्याची वाचा बंद होते ती अशी. मग ते बीप असा आवाज करून किंवा मदरबोर्डवरचा एखादा दिवा लावून सांगू पाहते. थांबून थांबून येणारे लांब बीप बहुधा रॅमची तक्रार असते. पण बीपची भाषा प्रत्येक कंपनीची निराळी, म्हणून ती मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावी. नव्या मदरबोर्डांवर चार लहान दिवे एका ओळीत असतात. त्यांपैकी ‘डीरॅम’ असे लिहिलेला दिवा लागून राहिला तर रोग कोठे आहे हे निश्चित झाले.

दुरुस्तीची घाई करण्यापूर्वी यंत्राची नाडी पाहावी. ‘सुरू होत नाही’ या एका वाक्यात निदान चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही, असे असेल तर रॅमला दोष देऊ नये. पॉवर सप्लायच्या मागचा खटका काम करताना बंद केला तो तसाच राहिला असेल, अथवा मदरबोर्डला जाणारी रुंद चोवीस तारांची जोडणी सैल झाली असेल. पंखे फिरतात पण पडदा काळा, ही रॅमची खरी तक्रार. (तथापि पडद्याची केबल निराळ्या छिद्रात तर घातली नाही ना, हे एकदा पाहावेच, ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे तेथे केबल त्या कार्डाला जोडावी लागते.) कंपनीचे नाव उमटते आणि नंतर ‘डिस्क सापडत नाही’ असा मजकूर येतो, ही तिसरी तऱ्हा; येथे रॅम ठीक आहे, दुसरेच काही निखळले आहे. आणि विंडोज अर्धवट सुरू होऊन निळा पडदा येतो, ही चौथी.

यात एक नवी भर पडली आहे. डीडीआर-५ जातीची रॅम नव्याने बसविली की पहिल्या वेळी वर सांगितलेली तालीम कित्येक मिनिटे चालते. तेवढा वेळ पडदा काळा असतो, आणि काही यंत्रे मध्येच बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतात. अधीर माणूस याच वेळी कळ दाबून तालीम मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. अशा यंत्रास पंधरा मिनिटे सोडून द्यावे व चहा घ्यावा.

तेवढ्याने भागले नाही तर पेटी उघडावी. त्याआधी संगणक बंद करून भिंतीतील प्लगच काढावा. नुसता बंद केलेला संगणकही आतून पाच व्होल्टचा एक प्रवाह चालू ठेवतो, आणि त्या स्थितीत पट्टी ओढणे म्हणजे नुकसानीस आमंत्रण. प्लग काढल्यावर सुरू करण्याची कळ पाचदहा सेकंद दाबून धरावी, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. मग पेटीच्या रंग न लावलेल्या धातूला हात लावावा. आपल्या अंगावर घर्षणाने साठलेली वीज माणसाला टोचते ती साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे. त्याहून पुष्कळ कमी वीज माणसाला कळतही नाही, पण चिपला मारून जाते. पेटी रेशमी साडी किंवा नायलॉनच्या सतरंजीवर ठेवून उघडू नये. साधे लाकडी टेबल उत्तम.

आता मुख्य गोष्ट. नवी पट्टी काढा, आणि जुनी पट्टी पूर्वी ज्या खाचेत होती त्याच खाचेत बसवा. संगणक पूर्वीसारखा सुरू झाला तर मदरबोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय सर्व निर्दोष ठरले, आणि चौकशी एका पट्टीपुरती उरली. इतके साधे काम न करता ‘बोर्ड गेला’ असा निकाल देणाऱ्यांविषयी प्रस्तुत लेखकाला आदर वाटत नाही. यानंतर जुनी काढून नवी एकटीच त्याच खाचेत घालावी. चालली, तर पट्टी चांगली आणि जातही योग्य. तंटा दोघींच्या एकत्र नांदण्याचा किंवा दुसऱ्या खाचेचा. न चालली, तर पट्टी सदोष किंवा विजोड. मग जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पाहावी, म्हणजे खाचेचीही परीक्षा होते. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक वेळी प्लग काढावा. काय केले व काय घडले ते कागदावर टिपून ठेवावे. चौथ्या प्रयोगानंतर पहिला कोणता होता ते कोणालाच आठवत नाही.

तिरुवैयारूच्या त्या घरी जुनी पट्टी एकटी घातली आणि पडदा उजळला. मुलगा जागेवरून उठलाच. नवी एकटी घातली तर पुन्हा काळोख. ती काढून दिव्याखाली धरली, मग खाच पाहिली, आणि कारण हाती आले. त्या मदरबोर्डच्या खाचेला एकाच टोकास उघडझाप करणारी खुंटी होती. दुसरे टोक नुसते घट्ट. मुलाने खुंटीकडची बाजू ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबली होती, आणि दुसरी बाजू बसली असे गृहीत धरले होते. वस्तुतः ती जेमतेम दोन मिलिमीटर वर राहिली होती. डीडीआर-४ च्या पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात, त्यांपैकी टोकाकडचे काही अधांतरी राहिले एवढाच सारा प्रकार! पट्टी बसविताना दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सारखा दाब द्यावा. जोर बराच लागतो, नवख्याला भीती वाटते इतका. बसल्यावर खाचेच्या कडेशी डोळा लावून पट्टी एका पातळीत आहे की नाही ते पाहावे.

दाबताना पट्टी मुळीच आत जाईना तर मात्र बळ वापरू नये, कारण मग ती बहुधा परजातीची असते. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. त्यांना लागणारा विजेचा दाब अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट असा उतरता आहे, आणि चुकून एकीच्या घरात दुसरी जाऊ नये म्हणून पट्टीच्या दातेरी कडेतील कापा मुद्दाम निरनिराळ्या ठिकाणी ठेवला आहे. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती मेजावरच्या संगणकास चालत नाही. आणखी एक फसवणूक बाजारात चालते. मोठ्या सर्व्हर यंत्रांतून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ जातीच्या डीडीआर-४ पट्ट्या स्वस्तात मिळतात. त्या साध्या संगणकाच्या खाचेत अगदी नीट बसतात, आणि यंत्र मुके राहते. स्वस्त दिसली म्हणून घेऊ नये.

पट्टीचे सोनेरी दात आणि खाच यांकडे आपल्या हवेत विशेष लक्ष द्यावे लागते. कावेरीच्या मुखाकडील हा सगळा प्रदेश ईशान्य मोसमी पावसात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, ओला असतो. कोकणात तीच गत जून ते सप्टेंबर. दमट हवा, उदबत्तीचा धूर आणि धूळ यांचा एक पातळ थर दातांवर बसतो. आपल्याकडील दुरुस्तीवाले खोडरबराने दात घासतात, आणि पुष्कळदा त्याने यंत्र सुरूही होते, हे नाकारता येत नाही. पण त्या दातांवरील सोन्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. दर पावसाळ्यात खोडरबर फिरविला तर सोने किती दिवस उरेल? त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दात हलकेच पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. खाचेतील धूळ रंगकामाच्या नव्या, कोरड्या, मऊ कुंचल्याने काढावी. तोंडाने फुंकू नये. फुंकरीबरोबर ओलावा जातो.

खाचांचा क्रमही महत्त्वाचा आहे. चार खाचा असलेल्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत घालावयाच्या असतात. एकच असेल तर दुसऱ्या खाचेत. शेजारी शेजारी घातल्या तर काही यंत्रे चालतात पण मंद, आणि काही चालतच नाहीत. याविषयी अंदाज न करता पुस्तिका पाहावी. पुस्तिका हरवली असेल तर मदरबोर्डचे नाव त्याच्यावरच छापलेले असते. त्यावरून कंपनीकडून ती मिळते. तीतच त्या मदरबोर्डला जास्तीत जास्त किती रॅम पेलते हेही दिलेले असते.

आता दोन विजोड पट्ट्यांच्या संसाराविषयी. एक जुनी व मंद, दुसरी नवी व जलद असल्या तर बायोस दोघींनाही मंद पट्टीच्या वेगाने चालविते. पंचरत्न गाताना शेकडो गळ्यांत एखादा कितीही तयारीचा असला तरी त्याने सर्वांच्या कालात गावे लागते; येथेही तेच. यात दोष काही नाही. पण काही पट्ट्यांच्या टिपणीत नेहमीच्या वेगाशिवाय एक वाढीव वेगही लिहिलेला असतो. एक्सएमपी किंवा एक्स्पो असे त्याला म्हणतात. जुन्या पट्टीसाठी बायोसमध्ये तो चालू करून ठेवला असेल आणि नव्या पट्टीस तो पेलला नाही, तर दोन्ही चांगल्या असूनही यंत्र अडते. अशा वेळी बायोसला तिच्या मूळ नेमणुकांवर परत आणावे लागते. जुनी पट्टी एकटी ठेवून बायोसमध्ये शिरावे आणि तो वाढीव वेग बंद करावा, हा सोपा मार्ग. पडदाच लागत नसेल तर प्लग काढून मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी नखाने अलगद सोडवावी, पाचदहा मिनिटे बाहेर ठेवावी आणि परत बसवावी. या उपायाने यंत्राचे घड्याळ मागे जाते. ते लगेच लावून घ्यावे, नाही तर बँकेची किंवा टपाल कार्यालयाची संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात आणि घरात नवाच गोंधळ उडतो. डिस्कविषयीची एखादी जुनी नेमणूकही यात पुसली जाते. म्हणून बायोसची पाने आधी मोबाइलवर छायाचित्रित करून ठेवता आली तर फार बरे. बिटलॉकर असलेले यंत्र याच वेळी तो अठ्ठेचाळीस अंकी क्रमांक मागण्याचा संभव असतो.

मदरबोर्ड जुना आणि पट्टी नव्या घडणीची असेल तर बायोसची नवी आवृत्ती घालावी लागते. ती जुन्या, खात्रीच्या पट्टीवर यंत्र चालू असताना घालावी. वीज मध्येच गेली तर मदरबोर्ड खरोखरीच जाईल, म्हणून भारनियमनाच्या गावी यूपीएसशिवाय या वाटेस जाऊ नये.

लॅपटॉपवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या पोटात बॅटरी असते, म्हणून चार्जर काढून पुरत नाही. उघडल्यावर बॅटरीची जोडणी प्रथम सोडवावी. तेथील पट्टी तिरकी आत सरकवून मग खाली दाबतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या धातूच्या चिमट्यांनी ती धरली जाते. दात बाहेर फार दिसत असतील तर ती पुरी सरकलेली नाही. आणि पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डला डाखच देऊन जोडलेली असते. तेथे वाढविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विकत घेण्याआधी हे विचारावे.

तिरुवैयारूच्या घरी नवी पट्टी सरळ बसविल्यावर कंपनीचे नाव उमटले, मुलगा हसला, आणि लगेच ‘डिस्क सापडत नाही’ असा मजकूर आला. पुन्हा सगळे गप्प. पण आता आम्हांला ठाऊक होते की, ही निराळी तक्रार आहे आणि रॅम तीतून सुटलेली आहे. पेटीत हात घालताना डिस्ककडे जाणारी बारीक चपटी केबल ओढली गेली होती. मदरबोर्डकडचे तिचे टोक जागेवर दिसत होते, पण बोट लावताच हलले. दाबून बसविले. पेटी उघडणाऱ्याच्या मनगटाला अशा दोनतीन गोष्टी नेहमी लागतात: ही केबल, प्रोसेसरजवळची वीजजोडणी आणि ग्राफिक्स कार्ड. झाकण लावण्यापूर्वी प्रत्येकीला एकदा बोट लावून पाहावे.

यंत्र सुरू झाले. दोन्ही पट्ट्या मिळून बारा गिगाबाइट दिसू लागले. आजींनी प्रथम वीस वर्षांपूर्वीचा एक धडा लावला. आवाज त्यांच्या एका शिष्येचा होता; ती आता दूर देशी असते. मोडी कागदांची छायाचित्रे मुलाने एकेक उघडून दाखविली. त्याच संध्याकाळी त्या सर्वांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवण्यात आली आणि दुसरी प्रत घ्यायचे ठरले. ती पुढे झाली असल्याचे पत्र आले आहे.

यंत्र सुरू झाले म्हणजे पट्टी निर्दोष ठरली असे मात्र नव्हे. कोट्यवधी घागरींपैकी एखादी फुटकी असली तरी संगणक दिवसचे दिवस चालतो, आणि मग एखादी फाइल जतन करताना तिच्यात चुकीचा अंश शिरतो. पाटीवरची चूक दप्तरात उतरते. म्हणून नवी रॅम घातल्यावर तिची परीक्षा घ्यावी. विंडोजमध्ये त्यासाठी सोय आहे. त्याहून कसून परीक्षा घेणारी ‘मेमटेस्ट८६’ ही आज्ञावली यूएसबीवर घालून यंत्र तिच्यावरून सुरू करता येते. ती रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकृतिबंध लिहिते आणि परत वाचून ताडून पाहते. रात्री लावून झोपावे. सकाळी एक जरी चूक दिसली तरी पट्ट्या एकएकट्या तपासून सदोष पट्टी पावतीसह दुकानात परत करावी. चांगल्या कंपन्यांच्या पट्ट्यांना बरीच वर्षांची हमी असते, पण पावतीची शाई आपल्याकडे हमीच्या आधी उडते. तेव्हा पावतीचे छायाचित्र घेऊन ठेवावे, आणि जुनी पट्टी काढली असेल तर ती ज्या करड्या चकचकीत पिशवीतून नवी आली त्याच पिशवीत घालून, वर तारीख व जात लिहून, टाकून न देता ठेवावी. पुढच्या वेळी खात्रीची पट्टी म्हणून तीच उपयोगी पडते.